माणदेशातल्या एका शिवाराचा जुना भूनकाशा कसा उभा करावा

महादेव डोंगराच्या आधाराने पसरलेला माण-खटावचा माळ दुरून सपाट दिसतो. पण त्यावर चालू लागले की पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे बसाल्टचे थर, मुरमाड उतार, अचानक समोर येणाऱ्या घळी आणि आठ महिने कोरडे असणारे ओढे यांनी तो किती बारकाईने कोरलेला आहे, हे लक्षात येते. या माळाचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे रूप कागदावर पुन्हा मांडता येते, कारण त्याची मोजणी दोन वेगळ्या हेतूंनी, दोन वेगळ्या खात्यांनी केलेली आहे. अडचण एवढीच की या दोन्ही मोजण्या एकमेकींशी बोलत नाहीत. महसुलाच्या नकाशात शेताचा प्रत्येक बांध आहे, पण उंची नाही. सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशात समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा आहेत, पण एकाही शेताची हद्द नाही. या दोहोंना एका जागी बसवणे म्हणजेच जुना भूनकाशा उभा करणे होय. मी हे काम दहिवडीच्या परिसरात शिकलो. परंतु आटपाडी, जत किंवा कवठेमहांकाळच्या माळांवरही पद्धत हीच राहील.

आरंभी संपूर्ण तालुका हाती घेऊ नये. एक गाव, किंवा त्याहून चांगले म्हणजे एका ओढ्याचे उगमापासून नदीला मिळेपर्यंतचे पाणलोट क्षेत्र निवडावे आणि नकाशाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे तो प्रश्न एका वाक्यात लिहून ठेवावा. ‘गायरान कुठवर होते’, ‘ओढ्याचे पात्र किती खोल गेले’, ‘जुनी गाडीवाट कोणत्या खिंडीतून जात होती’ यांपैकी प्रत्येक प्रश्नासाठी वेगळे कागद लागतात, आणि प्रश्न ठरलेला नसेल तर कागदांचा ढीग होतो, नकाशा होत नाही.

कोणते कागद आणि ते कुठे

महसुली मोजणीची सुरुवात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या देखरेखीखाली झाली आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर तीच पद्धत या भागात आली. ३३ फुटांची साखळी आणि काटकोन साधण्याचा शंकू ही तिची साधने. साखळीचे १६ आणे, एक साखळी चौरस म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हे गणित पाठ असावे, कारण टिपणावरील, म्हणजे प्रत्येक सर्व्हे नंबराच्या मोजणीच्या कच्च्या रेखाटनावरील आकडे साखळी-आण्यांतच असतात. गावनकाशा बहुधा २० साखळ्यांस १ इंच, म्हणजे १:७९२० या प्रमाणावर काढलेला असतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून गावनकाशा, सर्व्हे नंबरांची टिपणे आणि आकारबंद (नंबरवार क्षेत्र व आकारणीचा तक्ता) यांच्या नकला मागाव्यात. टिपणावरील जुना मजकूर पुष्कळदा मोडीत असतो. मोडी वाचणारे कोणी ओळखीचे नसल्यास निदान अंक आणि दिशांचे शब्द ओळखण्याइतकी मोडी शिकून घ्यावी.

येथे एक अडथळा हमखास येतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा सात-बारा आणि आजचा ऑनलाइन नकाशा गट नंबरांचा आहे. जुना गावनकाशा सर्व्हे नंबरांचा. दोहोंना जोडणारा दुवा एकत्रीकरणाच्या योजनापत्रकात असतो. तो मागितल्याशिवाय परत येऊ नये, अन्यथा जुन्या नकाशावरचे ‘सर्व्हे नंबर ४२’ आजच्या कोणत्या शेतात आहे हे शोधण्यातच महिने जातात.

गाव पूर्वी कोणाच्या अमलाखाली होते, हेही आधी पाहावे. आटपाडी औंध संस्थानात होती, जत स्वतः संस्थान होते, आणि ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे राजेवाडीसारख्या सीमेवरच्या गावांचे जुने कागद कोणत्या दप्तरात असतील, याचा अंदाज नकाशावरील संस्थानी हद्दीवरून बांधावा लागतो.

दुसरा कागद म्हणजे सर्वे ऑफ इंडियाची टोपोशीट, अर्थात समोच्चरेषांचा नकाशा. तिचा क्रमांक स्वतः काढता आला पाहिजे. अक्षांश १६ ते २० आणि रेखांश ७२ ते ७६ या चौकोनाला ४७ हा क्रमांक आहे. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग करून त्यांना ए ते पी अशी अक्षरे दिलेली आहेत. अक्षरे वायव्य कोपऱ्यापासून खाली उतरतात आणि मग पुढच्या स्तंभात वरून पुन्हा सुरू होतात. प्रत्येक अक्षराचे पुन्हा तसेच १५ मिनिटांचे सोळा भाग. दहिवडी साधारण १७ अंश ४२ मिनिटे उत्तर आणि ७४ अंश ३३ मिनिटे पूर्व येथे आहे, म्हणून तिची शीट ४७ के/१०. हाच तुकडा २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या खुल्या मालिकेत ई ४३ ओ १० या क्रमांकाने येतो, आणि तो सर्वे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवरून घेता येतो. जुनी आवृत्ती मैलाला एक इंच, म्हणजे १:६३,३६० या प्रमाणावर असते; मेट्रिक पद्धती आल्यानंतरची १:५०,००० वर. जुन्या आवृत्त्या विद्यापीठांच्या भूगोल विभागांत, मोठ्या ग्रंथालयांत आणि परदेशी ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहांत सापडतात.

तिसरा कागद हा कागदच नव्हे. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली करण्यात आली आणि ती अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात. आपल्या भागासाठी त्यांचे मोल मोठे आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर खडी फुटली, पाझर तलाव आणि नालाबंडिंग झाले, आणि माळाचे रूप बदलले. कोरोनाची छायाचित्रे त्या बदलाच्या आधीची आहेत. शेवटच्या वर्षांतील चांगल्या चित्रांत सुमारे दोन मीटरांपर्यंतचा तपशील दिसतो. विहिरीचा काळा ठिपका, मोटेची धाव, बांधावरच्या बाभळींची ओळ ही सगळी त्यांत ओळखता येतात.

समास आधी वाचावा

नकाशा उघडला की डोळा थेट आपल्या गावाकडे जातो. तसे होऊ देऊ नये. पहिली पंधरा मिनिटे समासाला द्यावीत. मोजणीचे वर्ष, प्रसिद्धीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष ही तीन वेगळी वर्षे असतात आणि त्यांच्यात दहा-वीस वर्षांचे अंतर असू शकते. आपल्या कामाचे वर्ष मोजणीचे. उंची फुटांत आहे की मीटरांत, समोच्चरेषांचे अंतर ५० फूट आहे की २० मीटर, रस्ते मागाहून भरलेले आहेत काय, हेही तेथेच कळते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अनेक नकाशांच्या समासात रेखांशाबद्दल एक छोटी टीप असते, आणि ती न वाचल्याने माझे बरेच दिवस वाया गेले. त्या काळचे रेखांश मद्रास वेधशाळेचा रेखांश ८० अंश १७ मिनिटे २१ सेकंद धरून मांडलेले होते. पुढे तो ८० अंश १४ मिनिटे ५४ सेकंद ठरला. म्हणजे अशा नकाशावरील प्रत्येक रेखांशातून २ मिनिटे २७ सेकंद वजा करावे लागतात. आपल्या अक्षांशावर ही चूक सुमारे ४.३ किलोमीटर होते. मी छापील आकडे तसेच भरले, आणि सगळे ओढे शेजारच्या गावाच्या डोंगरावर चढलेले दिसू लागले. मी स्कॅन पुन्हा केला, बिंदू पुन्हा दिले, संगणकाच्या प्रणालीवर शंका घेतली. उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून तळच्या समासात बारीक अक्षरांत छापलेले होते.

नकाशा जमिनीवर बसवणे

स्कॅन सपाट पृष्ठावर, ३०० ते ४०० डीपीआयने करावा. मोबाइलचा फोटो चालत नाही. पुढील कामासाठी क्यूजीआयएस ही नकाशांची मोफत संगणक-प्रणाली पुरेशी आहे.

टोपोशीटवर दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांशांच्या खुणा असतात, त्यामुळे १५ मिनिटांच्या शीटवर सोळा छेदनबिंदू मिळतात. केवळ चार कोपऱ्यांवर भागवू नये. सोळाही बिंदू द्यावेत, कारण जुना कागद एका दिशेने जास्त आकसलेला असतो. हे आकडे एव्हरेस्ट गोलाभावरचे, म्हणजे पृथ्वीचा आकार मांडण्याच्या जुन्या गणिती नमुन्यावरचे आहेत, आजच्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या नमुन्यावरचे नव्हेत. म्हणून प्रथम नकाशा त्या गोलाभावरच्या कल्याणपूर आधारावर, उदाहरणार्थ ईपीएसजी:४१४६ मध्ये (ईपीएसजी म्हणजे प्रणालीत निवडायचा निर्देशांक-पद्धतीचा क्रमांक), बसवावा आणि मग ईपीएसजी:३२६४३, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर, यात रूपांतरित करावा. ही पायरी गाळली तर आपल्याकडे शंभर मीटरांहून थोडी अधिक सरक राहते. ती वरच्या मद्रासच्या चुकीइतकी उघड नसते, आणि म्हणूनच अधिक फसवते.

त्यानंतर पडताळा घ्यावा, आणि त्यासाठी हलत नाही अशीच वस्तू निवडावी. डोंगरमाथ्यावरील त्रिकोणाची खूण म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे स्थानक, किल्ल्याचा बुरूज, टेकावरचे देऊळ, खडकातून वाहणाऱ्या दोन ओढ्यांचा संगम, जुन्या तलावाच्या बांधाची टोके. १८७६-७७ च्या दुष्काळात हाती घेतलेल्या राजेवाडीच्या तलावाचा बांध यासाठी उत्तम आहे. शिवाय एखाद्या शीटवर तो तलावच नसेल, तर मोजणी त्याच्या आधीची आहे हेही कळते. वर्धनगड, महिमानगड, भूषणगड यांचे माथे दुरूनही ओळखता येतात. रस्त्यांचे तिठे, वाळूच्या नदीची मधली धार आणि गावठाणाची छापील खूण यांवर पडताळा कधीही घेऊ नये.

चूक किती चालेल, याचा माझा निकष असा: कागदावरील अर्धा मिलिमीटर. १:६३,३६० वर तो सुमारे ३२ मीटर, १:५०,००० वर २५ मीटर आणि १:७९२० वर ४ मीटर होतो. याहून बारीक अचूकतेचा दावा करू नये आणि याहून मोठी चूक खपवून घेऊ नये.

गावनकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. तो बसवण्यासाठी तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात ते बिंदू शोधावेत. तेथे बहुधा हद्दीचा दगड पुरलेला असतो. गावच्या शिवेची साक्ष देण्याचे काम पूर्वी महार वतनदारांकडे होते, आणि त्या कुटुंबांतील ज्येष्ठांना शिवेच्या दगडांची माहिती आजही असते. तिची नोंद आदराने आणि नाव लिहू का असे विचारून घ्यावी. अशा दगडांचे जीपीएस वाचन, जुन्या विहिरी, गावाबाहेरचा म्हसोबा, ओढ्यांचे संगम असे आठ-दहा बिंदू मिळाले की नकाशा बसतो. कागद फारच आकसला असेल तर थिन प्लेट स्प्लाइन पद्धत वापरावी. पण ती प्रत्येक दिलेल्या बिंदूवर नकाशा ओढून नेते, त्यामुळे एकही बिंदू चुकीचा असता कामा नये. बसवल्यानंतर दहा-बारा सर्व्हे नंबरांचे क्षेत्रफळ काढून आकारबंदातील एकर-गुंठ्यांशी ताडून पाहावे. शेकडा पाचपेक्षा जास्त फरक आला तर मी तो भाग पुन्हा बसवतो.

कोरोनाची फिल्म लांबट पट्टीची असते आणि कडेला बरीच ताणलेली दिसते, म्हणून तिचा केवळ आपल्या शिवारापुरता तुकडा कापून तेवढाच बसवावा.

काय रेखाटावे

रेखाटताना प्रत्येक वस्तूला चार नोंदी जोडाव्यात: ती कोणत्या नकाशावरून घेतली, त्या नकाशाच्या मोजणीचे वर्ष कोणते, प्रत्यक्ष जागेवर पाहिली का, आणि खात्री किती. १८६० च्या गावनकाशावरील पाणंद आणि १९६८ च्या छायाचित्रातील विहीर एकाच रंगात काढली, तर असा कोणताही काळ नव्हता ज्याचा तो नकाशा असेल. म्हणून थर वेगळे आणि रंगही वेगळे असावेत.

समोच्चरेषा रेखाटताना आपल्या माळाचा स्वभाव लक्षात ठेवावा. येथे रेषा दाट येतात त्या कड्यावर, आणि माथ्यावर एकदम विरळ होतात. सात-आठ मीटर उंचीची खडकाची पायरी ५० फुटांच्या, म्हणजे सव्वापंधरा मीटरांच्या दोन रेषांमध्ये हरवू शकते, आणि जमिनीचा वापर तर याच पायऱ्यांनी ठरतो: पायरीच्या वर गवत, खाली गाळाची पट्टी. फेब्रुवारी २००० मधील एसआरटीएम या अंतराळातून रडारने घेतलेल्या उंचीमाहितीवरून १० मीटरांच्या रेषा काढून त्या जुन्या रेषांखाली फिकट रंगात ठेवल्या, तर हरवलेल्या पायऱ्यांपैकी काही दिसू लागतात. बाकीच्या चालूनच सापडतात.

पिवळ्या रंगाने दाखवलेली लागवडीची जमीन आणि पांढरी पडीक यांमधील सीमा मोजणीदाराने नजरेने काढलेली असते. तिच्यावर फार विसंबू नये. जिरायत, बागायत आणि पोटखराब (लागवडीस अयोग्य) यांचे आकडे आकारबंदात नंबरवार आहेत. ते गावनकाशातील शेतांना जोडले, की माळ कुठे संपत होता आणि नांगर कुठे सुरू होत होता, हे पिवळ्या रंगापेक्षा कितीतरी नेमके उमटते.

पाण्याला सर्वाधिक वेळ द्यावा. टोपोशीटवर पाणी असलेला प्रवाह निळा आणि कोरडा प्रवाह काळा काढतात, आणि माण-खटावच्या शीटवरचे बहुतेक ओढे काळे आहेत. त्यांच्या काठाशी लहान आकडा आणि पुढे आर हे अक्षर दिसते. अनेकजण त्याकडे दुर्लक्ष करतात. तो आकडा त्या जागी काठ पात्रापासून किती उंच आहे ते सांगतो. जुन्या शीटवर फुटांत, नव्यावर मीटरांत. त्याच जागी जाऊन आज मोजपट्टी किंवा दांडा लावून काठाची उंची घ्यावी. मी ज्या ओढ्यावर हे केले, तेथे काही ठिकाणी आकडा जवळजवळ तोच राहिला होता आणि काही ठिकाणी दुपटीच्या पुढे गेला होता. पात्र खोल गेले की शेजारच्या आडाचे पाणी खाली जाते, म्हणून ज्या गावाला पाण्याचे नियोजन करायचे आहे त्याच्यासाठी अशा वीस-पंचवीस वाचनांची ओळ हाच नकाशातील सर्वांत मोलाचा भाग ठरतो. टेंभूचे किंवा उरमोडीचे कालवे, पाझर तलाव, सिमेंटचे बंधारे हे आजच्या थरात ठेवावेत, जुन्यात मिसळू नयेत. शेतांना घातलेल्या ताली मात्र काळजीने पाहाव्यात; त्यांपैकी काही गावनकाशाइतक्या जुन्या असतात.

शिवारात चालणे आणि नावे

असे थर जुळवून झालेल्या नकाशाचा कच्चा छाप हाती घेऊन किमान तीन वेळा चालावे: पावसाळ्याच्या तोंडी, सुगीनंतर आणि भर उन्हाळ्यात. निघण्यापूर्वी सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटून ही जमिनीची मोजणी नव्हे, हे स्पष्ट सांगावे, कारण नकाशा घेऊन बांधावरून चालणारा माणूस दिसला की भाऊबंदकीतले जुने वाद जागे होतात. आपल्या नकाशावर ‘हद्दीच्या वादासाठी वापरू नये’ असे ठळक लिहावे. हद्द ठरवण्याचा अधिकार भूमी अभिलेखाच्या सरकारी मोजणीलाच आहे, आणि चार मीटरांच्या चुकीचा नकाशा कोणाच्या बांधावर आणणे अन्यायाचे होईल.

छापील नावे जशीच्या तशी घेऊ नयेत. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड यांतला फरक उरत नाही, आणि मोजणीदाराने ऐकले तसे लिहिलेले असते. नकाशावरचे नाव वाचून दाखवू नये. जागेकडे बोट करून ‘याला काय म्हणता’ असे विचारावे. शेतकरी पट्टीचे नाव सांगेल, मेंढरांमागे आयुष्य काढलेले धनगर आजोबा त्याच माळाचे तीन तुकडे करून तीन नावे सांगतील, आणि पाण्याला जाणाऱ्या बायकांना आड आणि झरे यांची अशी नावे माहीत असतात, जी कोणत्याही नकाशावर नाहीत. सगळी लिहून घ्यावीत. दोन माणसांनी दोन नावे सांगितली, तर एक खोडू नये.

छपाईसाठी १:१०,००० हे प्रमाण गावाला सोयीचे पडते. उत्तर दिशा, प्रमाणपट्टी, प्रत्येक थराचे वर्ष, मूळ नकाशांचे क्रमांक आणि अपेक्षित चूक हे सर्व समासात मराठीत द्यावे. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत लावावी, आणि उजवीकडे चार बोटे जागा कोरी सोडून शेजारी पेन्सिल बांधून ठेवावी. पहिल्या महिन्यात त्या कोऱ्या जागेत ज्या दुरुस्त्या येतील, त्या जागेवर जाऊन तपासाव्यात आणि मगच संगणकातील थरांत वर्षासह भराव्यात.